पुनर्विकासाआधी जमिनीवर ठोके का मारतात? इमारतीचा पाइल किती वजन पेलेल हे कसं ठरतं, सोप्या भाषेत समजून घ्या

६३.५ किलोचा हातोडा, ७५ सेंटिमीटरची उंची आणि मोजलेले ठोके. तुमच्या नव्या इमारतीचा पाया किती खोल जाणार, हे बऱ्याचदा या मोजणीवर ठरतं. मग ही मोजणीच चुकली तर?

पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीत पहिली हालचाल दिसते ती बहुतेक वेळा पार्किंगच्या कोपऱ्यात. एके दिवशी सकाळी तिथे लोखंडी तिपाई उभी राहते. शेजारी डिझेलवर चालणारं विंच, पाइपांचा ढीग, पाण्याचं पिंप आणि चार-पाच कामगार. थोड्या वेळाने आवाज सुरू होतो. ठक्, ठक्, ठक्. मग सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिला मेसेज पडतो, ‘बोअरवेल मारतायत का?’

बोअरवेल नव्हे. ही जमिनीची तपासणी आहे. वर जी पंधरा-वीस मजल्यांची इमारत उभी राहणार आहे, तिच्या वजनाचा हिशेब या ठोक्यांपासून सुरू होतो. नव्या फ्लॅटचा कार्पेट एरिया किती, कॉर्पस फंड किती, पार्किंग कुणाला, यावर सोसायटीच्या सभा रात्री उशिरापर्यंत चालतात. या ठोक्यांबद्दल मात्र सहसा कुणीच काही विचारत नाही. म्हणून आज तेच समजून घेऊ.

थोडक्यात सांगायचं तर

• पाइल किती वजन पेलेल हे आधी मोजता येत नाही. त्याचा अंदाज बांधावा लागतो.
• तो अंदाज प्रामुख्याने जमिनीत काहीतरी घुसवून, तिने किती विरोध केला यावर बांधतात.
• हातोडा, दोरी आणि मोजणारा माणूस यांतल्या चुका थेट अंदाजात उतरतात.
• म्हणून प्रत्यक्ष वजन टाकून केलेली लोड टेस्ट हाच शेवटचा पुरावा.

पाइल म्हणजे नेमकं काय?

जमीन वरच्या थरातच घट्ट असेल तर खांबाखाली रुंद काँक्रीटचा पाया टाकून भागतं. पण वर भराव, खाडीचा गाळ किंवा भुसभुशीत माती असेल, तर इमारतीचं वजन खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचवावं लागतं. त्यासाठी जमिनीत काँक्रीटचे किंवा पोलादाचे लांब खांब उतरवतात. तेच पाइल.

हे खांब दोन पद्धतींनी उतरवतात. एक म्हणजे तयार खांब हातोड्याने ठोकून आत घालायचा. दुसरी म्हणजे आधी भोक खोदायचं, त्यात सळ्यांचा पिंजरा सोडायचा आणि काँक्रीट ओतायचं. मुंबई-ठाण्याच्या दाट वस्तीत तुम्हाला सहसा दुसरा प्रकार दिसतो. ठोकण्याचे हादरे शेजारच्या जुन्या इमारतींना सोसवणारे नसतात.

पाइल वजन पेलतो तरी कसा?

गावाकडे मांडव घालताना पाहिलं असेल. वासा जमिनीत पुरला की तो दोन कारणांनी उभा राहतो. त्याचं खालचं टोक घट्ट मातीवर टेकतं आणि त्याच्या अंगाला चारी बाजूंनी माती आवळून धरते. उपटायला गेलं की ती पकड हाताला जाणवते.

पाइलचंही तसंच. त्याची ताकद म्हणजे टोकाचा आधार अधिक अंगाचं घर्षण. हिशेब एवढा साधा आहे. अडचण अशी, की टोकाखालची माती वीस मीटर खोल आहे आणि ती कुणालाच दिसत नाही. मग तिची ताकद समजायची कशी? तिच्यात काहीतरी घुसवून पाहायचं.

त्या ठोक्यांमध्ये नेमकं काय मोजतात?

या चाचणीचं नाव स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट, म्हणजेच एसपीटी. जमिनीत नमुना घेणारी नळी ठोकण्याची पद्धत अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुजली. मृदायांत्रिकी या शास्त्राचे जनक मानले जाणारे कार्ल तेर्झागी आणि त्यांचे सहकारी राल्फ पेक यांनी १९४८ च्या आपल्या ग्रंथातून ती जगभरच्या इंजिनीअरांपर्यंत पोहोचवली. भारतात ही चाचणी आयएस २१३१ या मानकानुसार होते.

पद्धत अशी. आधी ठरावीक खोलीपर्यंत भोक पाडतात. सळ्यांच्या टोकाला साधारण पाच सेंटिमीटर जाडीची पोकळ नळी लावून ती तळाशी टेकवतात. मग ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटर उंचीवरून पुन्हा पुन्हा सोडतात. नळी एकूण ४५ सेंटिमीटर आत जाईपर्यंत ठोके मोजायचे. पहिल्या १५ सेंटिमीटरचे ठोके हिशेबात धरत नाहीत, कारण भोक पाडताना तिथली माती ढवळलेली असते. पुढच्या ३० सेंटिमीटरला लागलेले ठोके म्हणजे ‘एन व्हॅल्यू’.

समजा, नोंद आहे ८, ११, १४. पहिले ८ सोडून द्यायचे. ११ अधिक १४ म्हणजे एन व्हॅल्यू २५.

वाळूच्या जमिनीत हा आकडा असा वाचतात:

• ४ पेक्षा कमी: अगदी भुसभुशीत
• ४ ते १०: सैल
• १० ते ३०: मध्यम घट्ट
• ३० ते ५०: घट्ट
• ५० च्या वर: अतिशय घट्ट

साधारण दर दीड मीटरला किंवा मातीचा थर बदलला की ही चाचणी पुन्हा घेतात. नळीत अडकलेली माती वर येते, त्यामुळे ती डोळ्यांनी पाहता येते आणि प्रयोगशाळेतही नेता येते. एसपीटी शंभरेक वर्षं टिकून राहिली त्याचं एक मोठं कारण हेच. आकडाही मिळतो आणि मातीही हाती लागते.

ठोक्यांवरून टनांपर्यंत कसं पोहोचतात?

इथे जी. जी. मायरहॉफ यांचं नाव येतं. कॅनडात काम केलेल्या या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकापासून प्रत्यक्ष पाइलच्या चाचण्या आणि एन व्हॅल्यू यांची सांगड घातली. १९७६ मध्ये त्यांनी मांडलेली सूत्रं वाळूच्या जमिनीसाठी आजही वापरात आहेत आणि पाइलसाठीच्या आयएस २९११ या भारतीय मानकातही त्यांचा आधार घेतलेला आहे.

सूत्र पाहून घाबरू नका, आपण उदाहरण घेऊ. खोदून केलेला एक पाइल आहे. व्यास ६० सेंटिमीटर, लांबी १५ मीटर. जमीन वाळूची. अंगालगत सरासरी एन व्हॅल्यू १५ आणि टोकाशी ३०.

टोकाचा आधार: खोदून केलेल्या पाइलसाठी एन व्हॅल्यूच्या प्रत्येक एककामागे, दर चौरस मीटरला जास्तीत जास्त सुमारे १३ टन धरतात. १३ गुणिले ३० म्हणजे दर चौरस मीटरला ३९० टन. पाइलच्या टोकाचं क्षेत्रफळ ०.२८ चौरस मीटर. म्हणजे टोकाला साधारण ११० टन.

अंगाचं घर्षण: इथे प्रत्येक एककामागे दर चौरस मीटरला सुमारे ०.१ टन. १५ ला दीड टन. पाइलच्या अंगाचं क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मीटर. म्हणजे साधारण ४२ टन.

बेरीज १५२ टन. पण इतकं वजन त्यावर टाकत नाहीत. ही बेरीज सुरक्षा गुणकाने भागतात. अंदाज किती भरवशाचा आहे त्यानुसार हा गुणक अडीच, तीन किंवा चारही असतो. आपण चार धरू. म्हणजे या पाइलवर ३८ टन वजन टाकायला हरकत नाही.

हाच पाइल ठोकून घातला असता तर सूत्रातले गुणक बदलले असते. टोकासाठी जवळपास तिप्पट, अंगासाठी दुप्पट. कारण ठोकलेला पाइल आजूबाजूची वाळू दाबून घट्ट करतो, तर खोदताना ती सैल पडते. म्हणजे चाचणी माती जशी आहे तशी मोजते, पण पाइल करताना तीच माती बदलते. अंदाज चुकण्याची पहिली जागा इथेच आहे.

मोजणीत चूक कुठे होते?

इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षी आम्हाला एका साइटवर नेलं होतं. तिपाईखाली ठोके मोजणाऱ्या माणसाला मध्येच फोन आला. फोन ठेवून त्याने सोबत्याला विचारलं, किती झाले? त्याने खांदे उडवले. मग दोघांनी मिळून ठरवलं, ‘पंचवीस धरा.’ वहीत पंचवीस लिहिलं गेलं. त्या आकड्यावर कुणीतरी पुढे पाइलची लांबी काढली असणार. परीक्षेत मी हे सूत्र बिनचूक लिहिलं, पण तो ‘धरा’ अजून डोक्यातून गेलेला नाही.

मोजणारा माणूस ही एक बाजू. दुसरी बाजू यंत्राची. बऱ्याच साइटवर हातोडा विंचच्या फिरत्या ड्रमवर गुंडाळलेल्या दोरीने उचलतात आणि दोरी सैल सोडून खाली पाडतात. दोरी ड्रमला घासते, हातोडा पूर्ण मोकळा पडत नाही. त्यामुळे हातोड्याची सगळी ऊर्जा नळीपर्यंत पोहोचतच नाही. जगभर ६० टक्के ऊर्जा पोहोचते असं धरून आकडे दुरुस्त करतात. दोरीच्या पद्धतीत ती ४५ टक्क्यांपर्यंतही उतरू शकते, तर चांगल्या ऑटोमॅटिक हातोड्यात ८० टक्क्यांच्या पुढे जाते.

आता गंमत पाहा. हातोडा अशक्त असेल तर तेवढीच नळी घुसवायला जास्त ठोके लागतात. ठोके जास्त म्हणजे एन व्हॅल्यू जास्त. म्हणजेच जमीन आहे त्याहून घट्ट दिसते!

आपल्याच उदाहरणात ६० ऐवजी ४५ टक्के ऊर्जा पोहोचली असं समजा. टोकाशी ३० च्या जागी ४० ठोके मोजले जातील, अंगालगत १५ च्या जागी २०. हिशेब पुन्हा केला तर टोकाला १४७ टन, अंगाला ५७ टन, एकूण २०४. चारने भागले की ५१ टन. जमीन तीच, पाइल तोच. फक्त दोरी घासली म्हणून ३८ टनांचा पाइल कागदावर ५१ टनांचा झाला.

इमारत लगेच पडेल का? नाही. खरी ताकद १५२ टन आहे आणि वजन ५१ टन. सुरक्षा गुणक चारऐवजी तीन उरला. पण तो गुणक ज्या इतर चुकांसाठी ठेवला होता त्यांतला मोठा वाटा आधीच खर्च झाला आणि हे कुणाला कळलंही नाही.

चुका आणखीही असतात:

• भोकातली पाण्याची पातळी बाहेरच्या भूजलापेक्षा खाली गेली तर तळाची वाळू उसळून सैल होते आणि आकडा कमी येतो.
• नळीच्या तोंडाशी एखादा दगड आला तर आकडा एकदम वाढतो.
• हातोडा ७५ सेंटिमीटर उचलला की ६०, हे थकलेला हात ठरवतो.
• मऊ चिकणमातीत तर एसपीटीवर फारसं विसंबूच नये, असं सगळी पाठ्यपुस्तकं सांगतात.

यावर चांगला पर्याय आहे का?

आहे. नेदरलँड्समध्ये जमीन गाळाची आणि सगळा देश पाइलवर उभा. अॅमस्टरडॅमचा राजवाडा १३,६५९ लाकडी पाइलवर उभा असल्याचं तिथे शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. अशा देशात १९३० च्या दशकात शंकूची चाचणी विकसित झाली. तिचं नाव कोन पेनिट्रेशन टेस्ट, म्हणजे सीपीटी.

यात ठोके नाहीत. साडेतीन सेंटिमीटर व्यासाचा पोलादी शंकू सेकंदाला दोन सेंटिमीटर या संथ वेगाने जमिनीत दाबत नेतात. शंकूच्या टोकाला किती विरोध होतो आणि त्यामागच्या नळीच्या अंगाला किती घर्षण होतं, हे सेन्सर सतत नोंदवत राहतात. म्हणजे टोक आणि अंग दोन्ही वेगवेगळे मोजले जातात. शंकू हा जणू एक छोटासा पाइलच. एसपीटीत दर दीड मीटरला एक आकडा मिळतो, तर सीपीटीत दर एक-दोन सेंटिमीटरला. आणि मोजताना कुणाला फोन आला तरी बिघडत नाही.

पण छोटा पाइल आणि मोठा पाइल यांत फरक आहेच. शंकूला फक्त आजूबाजूच्या काही सेंटिमीटरमधली माती जाणवते. ६० सेंटिमीटरच्या पाइलचं टोक मात्र आपल्या व्यासाच्या काही पट खोलवरची माती दाबतं. त्यामुळे घट्ट थराच्या खाली मऊ थर लपला असेल, तर तोही हिशेबात घ्यावा लागतो. डच पद्धतीत म्हणूनच टोकाच्या वर आठ व्यास आणि खाली चार व्यासांपर्यंतचे आकडे विचारात घेऊन ठरावीक रीतीने सरासरी काढतात.

इतकं करूनही अंदाज चुकू शकतो हेही डच लोकांनीच मान्य केलं. जुन्या आणि नव्या लोड टेस्टचे निकाल तपासल्यावर, टोकाची ताकद आपण जास्त धरत होतो असं त्यांच्या लक्षात आलं. १ जानेवारी २०१७ पासून त्यांनी आपल्या मानकातले टोकाचे गुणक ३० टक्क्यांनी कमी केले. ज्या देशाने ही चाचणी जन्माला घातली, त्याने अनेक दशकांनंतर आपलाच हिशेब दुरुस्त केला.

पाइल पास, तरी इमारत खचली! असं का झालं?

अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोमधला मिलेनियम टॉवर ही ५८ मजली आलिशान इमारत २००९ मध्ये खुली झाली. तिच्याखाली सुमारे ९५० काँक्रीटचे पाइल आहेत. ते ६० ते ९० फूट खोल जाऊन घट्ट वाळूच्या थरात थांबले. खडक त्याहून बराच खाली, २०० फुटांच्याही पुढे. वाळूच्या थराखाली होता जुन्या चिकणमातीचा जाड थर.

२०१६ मध्ये बातमी फुटली, की इमारत सुमारे १६ इंच खचली आहे आणि एका बाजूला कलली आहे. कोट्यवधींचे फ्लॅट घेतलेल्या लोकांनी कोर्टाची वाट धरली.

यात एकेका पाइलच्या ताकदीचा प्रश्न नव्हता. घट्ट वाळूत टेकलेला एकटा पाइल चांगलं वजन पेलतो. पण शेकडो पाइल जवळजवळ उभे केले, की त्यांचं एकत्रित वजन खूप खोलवर पोहोचतं. गादीवर एक मूल बसलं तर वरचा कापूसच दबतो. दहा माणसं बसली तर गादीखालची फळीही वाकते. इथे ती ‘फळी’ म्हणजे खालची चिकणमाती होती. चिकणमातीतलं पाणी हळूहळू पिळून निघतं आणि ती वर्षानुवर्षं बसत राहते.

दुरुस्ती म्हणून दोन बाजूंनी खडकापर्यंत नवे पाइल घालून इमारतीचं काही वजन त्यांच्यावर घेण्यात आलं. आधी ५२ पाइलची योजना होती. काम सुरू असतानाच कल वाढल्याने २०२१ मध्ये ते थांबवावं लागलं. शेवटी १८ पाइलवर काम पूर्ण झालं, ते २०२३ मध्ये.

धडा असा, की ‘पाइल किती टन पेलेल?’ आणि ‘इमारत किती खचेल?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर बरोबर आलं म्हणून दुसरं आपोआप सुटत नाही.

मुंबईच्या जमिनीत काय वेगळं आहे?

मुंबईच्या पोटात बहुतेक ठिकाणी ज्वालामुखीतून आलेला बसाल्ट आणि त्याच कुळातले ब्रेसिया, टफ हे खडक आहेत. अडचण आहे ती त्यावरच्या थरांची. खाडीकाठी, मिठी नदीच्या आसपास, नवी मुंबईत आणि समुद्र बुजवून केलेल्या जागी वर भराव, खाली काळा खाडीचा गाळ, मग मुरूम, मग झिजलेला खडक आणि शेवटी टणक खडक, असा क्रम सापडतो.

म्हणून इथे पाइल सहसा खडकात काही अंतर रोवतात. गाळात एन व्हॅल्यू कधी कधी दोन-तीन येते, तर मुरमात शिरताच ५० ठोके मारूनही नळी पुढे सरकत नाही. नोंदीत तिथे ‘रिफ्युजल’ लिहितात. पण ५० ठोक्यांना न सरकलेली जागा म्हणजे टणक खडकच असं नाही. तो झिजलेला खडक असू शकतो किंवा गाळात अडकलेला एखादा धोंडाही. म्हणूनच खडकात आणखी काही मीटर ड्रिल करून त्याचा गाभा बाहेर काढतात आणि त्याचे तुकडे किती अखंड आहेत ते पाहतात. सीपीटीचा शंकू गाळात उत्तम चालतो, मुरमात आणि दगडगोट्यांत मात्र अडतो.

गाळाचा आणखी एक त्रास आहे. ताज्या भरावाच्या वजनाने गाळ खाली बसत राहतो आणि बसताना पाइललाही आपल्यासोबत खाली ओढतो. म्हणजे अंगाचं जे घर्षण आधार द्यायला हवं, तेच ओझं बनतं. अशा थरातली पकड ताकदीत धरायची नसते, उलट ती वजनात मिळवायची असते.

खोदून केलेल्या पाइलमध्ये तळाशी साचलेला चिखल काँक्रीट ओतण्याआधी धुऊन काढावा लागतो. तो राहिला तर टोक खडकावर नव्हे, चिखलाच्या उशीवर टेकतं. जमिनीचा अहवाल कितीही अचूक असो, ही चूक त्याला दिसूच शकत नाही.

मग खात्री कशी करतात?

वजन टाकून. आयएस २९११ च्या चौथ्या भागात लोड टेस्टचे नियम आहेत. पाइलच्या डोक्यावर हायड्रॉलिक जॅक ठेवतात. त्यावर काँक्रीटचे ठोकळे किंवा वाळूच्या गोण्या रचलेला मोठा मंच असतो. जॅक टप्प्याटप्प्याने दाबत नेतात आणि पाइल किती मिलिमीटर खाली गेला ते मोजतात.

टेस्ट दोन प्रकारच्या असतात.

प्राथमिक टेस्ट: मुख्य काम सुरू होण्याआधी वेगळ्या पाइलवर. ठरवलेल्या वजनाच्या अडीच पट वजन टाकतात. आपल्या ३८ टनांच्या पाइलवर ९५ टन.

नियमित टेस्ट: इमारतीच्याच काही पाइलवर, दीडपट वजन टाकून. म्हणजे ५७ टन. एकूण पाइलपैकी किमान अर्धा टक्का पाइलवर ही टेस्ट अपेक्षित आहे. ६० सेंटिमीटरपर्यंतच्या पाइलसाठी या वजनाखाली १२ मिलिमीटरपेक्षा जास्त खचणं मान्य नसतं.

अर्धा टक्का म्हणजे दोनशे पाइलमागे एक. बाकीचे १९९ पाइल त्या अंदाजाच्या आणि कामाच्या दर्जाच्या भरवशावर उभे असतात. खर्च आणि वेळ पाहता प्रत्येक पाइलवर टेस्ट करणं शक्य नसतं हे खरं. म्हणूनच आधीचा अंदाज चोख हवा आणि टेस्टसाठी पाइल कोणता निवडला हेही महत्त्वाचं ठरतं.

अंदाज किती वेगवेगळे येऊ शकतात, याचा प्रयोगही झाला आहे. पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात २००४ मध्ये एका आंतरराष्ट्रीय परिषदेच्या निमित्ताने तज्ज्ञांना एकाच जागेच्या एसपीटी, सीपीटी आणि इतर चाचण्यांचे आकडे देऊन पाइलची ताकद सांगायला लावलं. माहिती सगळ्यांकडे सारखी होती, उत्तरं मात्र बरीच विखुरलेली आली.

एआयने हे सुटेल का?

१९९० च्या दशकापासून न्यूरल नेटवर्क वापरून पाइलची ताकद सांगण्याचे प्रयोग सुरू आहेत. हल्ली त्यावर भरपूर शोधनिबंध येतात. शेकडो लोड टेस्टचे निकाल आणि त्या जागांचे एन व्हॅल्यू किंवा सीपीटीचे आकडे मॉडेलला द्यायचे आणि त्याने त्यातलं नातं शोधायचं, अशी ही कल्पना. जुन्या सूत्रांपेक्षा हा अंदाज अनेकदा जवळचा येतो.

पण मॉडेल ज्या जमिनीवर शिकलं तिथलंच त्याला कळतं. नदीकाठच्या वाळूवर शिकलेल्या मॉडेलला खाडीच्या गाळाखालचा मुरूम ओळखीचा नसतो. आणि वहीत ‘पंचवीस धरा’ म्हणून लिहिलेले पंचवीस त्यालाही खरेच वाटतात.

सोसायटीने काय विचारायचं?

तुम्हाला इंजिनीअर व्हायची गरज नाही. पुढचे प्रश्न बिल्डरला, सोसायटीच्या सल्लागाराला किंवा स्ट्रक्चरल इंजिनीअरला लेखी विचारा:

• बोअरहोल किती घेतले? ते नव्या इमारतीच्या जागेतच आहेत की शेजारच्या प्लॉटचा जुना अहवाल वापरला आहे?
• प्रत्येक खोलीला १५-१५ सेंटिमीटरच्या तिन्ही ठोक्यांची नोंद अहवालात आहे का? फक्त शेवटचा आकडा दिला असेल तर मूळ नोंदी मागा.
• हातोडा दोरीचा होता की ऑटोमॅटिक? एन व्हॅल्यूत ऊर्जेची दुरुस्ती केली आहे का?
• खडकात किती मीटर ड्रिल केलं? खडकाच्या गाभ्याचे फोटो आहेत का?
• भूजलाची पातळी कोणत्या महिन्यात मोजली? मे महिन्यातली आणि ऑगस्टमधली पातळी एक नसते.
• प्राथमिक लोड टेस्ट मुख्य कामाआधी होणार आहे का? तिचा आलेख सोसायटीला मिळेल का?
• नियमित टेस्टसाठी पाइल कोण निवडणार? कंत्राटदार की तुमचा सल्लागार?
• पूर्ण इमारत किती खचेल याचा वेगळा हिशेब केला आहे का?

ठोके सुरू असतील त्या दिवशी सल्लागाराला किंवा त्याच्या माणसाला साइटवर उभं राहायला सांगा. मोजणीच्या वेळी कुणीतरी शेजारी उभं आहे एवढ्यानेही वहीतले आकडे बदलतात.

इमारत उभी राहिल्यावर लॉबीतली फरशी, लिफ्ट, क्लब हाऊस सगळं दिसतं आणि नाही आवडलं तर बदलताही येतं. पाइल एकदा काँक्रीट ओतून झाला की पुन्हा डोळ्याला पडत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी पार्किंगच्या कोपऱ्यातून ठक् ठक् ऐकू आली, तर खिडकी बंद करण्याआधी खाली जा आणि विचारा, ‘किती झाले?’